केगमधून नुसता फेस येतोय? आधी प्रेशर कमी करणं थांबवा

बेळगावच्या खानापूर रोडच्या फार्महाऊसवर रिसेप्शन, टेबलाखाली तीस लिटरचा केग (बिअरचा स्टीलचा पिंप), आईस बॉक्समध्ये स्टीलची कॉईल, आणि ग्लासात पाऊण फेस, पाव बिअर. सिलिंडरच्या गॅसचं प्रेशर उतरवत उतरवत ५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) आणलं तरी फेस हटेना, असं तुम्ही लिहिलंय. वाचून गप्प बसवेना, कारण याच चक्रात आमच्या केटरिंगचा लग्नसराईचा अख्खा सीझन गेलाय. परवाना, कपलर (केगच्या तोंडावरचा जोड) बसवणं, नळ धुणं हे तुम्हाला येतंय असं धरून पुढचं लिहितो.

प्रेशर वाढवा. हो, वाढवा.

बिअरमध्ये गॅस विरघळून राहतो तो थंडी आणि दाब या दोघांच्या जोरावर. साध्या लागर बिअरमध्ये साधारण अडीच पट गॅस असतो, म्हणजे एका लिटरमागे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड. तो आतच धरून ठेवायला ३ अंश तापमानाला ११-१२ पीएसआय पुरतात. १० अंशाला १७-१८ लागतात. केग २५ अंशावर असेल तर ३३ च्या आसपास. तुमचा केग टेम्पोतनं उन्हात आला, मांडवात तसाच टेबलाखाली गेला आणि त्याला तुम्ही पाच दिले. गॅस बिअरमधून सुटणारच. पाईपभर बुडबुडे, नळाशी फेस, आणि दोन तासांनी तीच बिअर पाणचट. पाहुणे दोन्ही बाजूंनी बोलतात.

आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. ज्याने सेट विकला त्याचं नाव घेत नाही, मोठ्या शहरातला डीलर आहे. फोन केला की एकच उत्तर: "सर, प्रेशर कम करो." कमी केलं की फेस वाढायचा. परत फोन, परत "और कम करो". केगचं तापमान किती, पाईप किती लांब, हे त्याने एकदाही विचारलं नाही. उलट म्हणाला, तुमच्याकडे बिअरच तशी येते. मग नवीन रेग्युलेटर पाठवला, त्याचं बिल लावलं, आणि फेस होता तिथेच. टेक्निशियन येणार होता, तो मांडव उतरला तरी आला नाही. यजमानांनी बिलातून पैसे कापले ते वेगळंच, आणि ते चुकले असं मी म्हणणार नाही, त्यांच्या पाहुण्यांच्या हातात फेसाचे ग्लास होते. विकताना तासभर बोलणारा माणूस नंतर दोन प्रश्न विचारायला तयार नसेल, तर त्याच्याकडून वस्तू घेऊ नये, एवढं माझं ठाम मत झालंय.

खरी गोम त्याच्याच किटमध्ये होती. नळाला जोडायला दिलेली पाईप आतून सव्वासहा मिलीमीटरची आणि जेमतेम मीटरभर. एवढ्या रुंद आणि आखूड पाईपमध्ये दाब खर्चच होत नाही, बिअर सुसाट येऊन नळावर आपटते आणि फुटते. थंड केग १२ पीएसआयवर चालवायचा तर आतून ४.८ मिलीची पाईप साधारण तीन मीटर हवी. रुंद पाईपने तेवढाच अडथळा आणायचा तर ती तिप्पट-चौपट लांब घ्यावी लागते. प्रेशर तसंच ठेवून फक्त पाईप बदलली आणि ग्लास भरायला लागले.

पण तुमच्याकडे कॉईल आहे, तिचं गणित वेगळं. पंधरा-वीस मीटरची कॉईल स्वतःच भरपूर दाब खाते. केग थंड नसेल तर सरळ ३० पीएसआयच्या आसपास चालवा. किंवा कॉईल बाजूला ठेवून केगच आदल्या दिवसापासून थंड करा, टबात बर्फ आणि वरून ओलं गोणपाट, आणि १२ वर लांब पाईपने ओढा. दोन्हीची खिचडी नको. आणि कॉईलच्या डब्यात नुसता बर्फ टाकू नका, बर्फाबरोबर पाणी हवंच. नुसते खडे कॉईलला इथे-तिथे टेकतात, मधे हवा राहते आणि बिअर कोमटच बाहेर येते. कॉईलऐवजी अॅल्युमिनियमची कोल्ड प्लेट (आतून बिअरची नळी गेलेली, वर बर्फ ठेवायची जाड प्लेट) असेल तर उलट, तिच्यावरचं वितळलेलं पाणी काढत राहायचं.

आता दोष नेमका कुठे आहे ते बघायला पाईप पारदर्शक घ्या आणि मोबाईलची टॉर्च लावून बघत बसा. केगच्या तोंडापाशीच बारीक बुडबुड्यांची माळ सुरू होत असेल तर केग गरम आहे, प्रेशर कमी आहे, नाहीतर कपलरचं वॉशर गेलंय आणि गॅस थेट बिअरच्या वाटेत घुसतोय. पाईपभर बिअर स्वच्छ आणि फेस फक्त नळातून पडताना होत असेल तर नळ तापलाय, आत घाण बसलीय, किंवा वाढणारा पोरगा नळ अर्धाच उघडतोय. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा. अर्धा उघडलेला नळ म्हणजे फेसाचं मशीनच. पहिला ग्लास मात्र फेसाचाच येणार, तो धरून चाला.

आपल्याकडची एक गोष्ट कोणी सांगत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. प्रेशरचे तक्ते समुद्रसपाटीचे असतात, इथे गेजवर एक पीएसआय जास्त लागतो. गोव्यातला मित्र १२ सांगत असेल तर तुम्ही १३ ठेवा. आणि रेग्युलेटरवर किलोचे (किलो प्रति चौरस सेंटीमीटर) आकडे असतील तर एक किलो म्हणजे १४ पीएसआयच्या थोडं वर, हे बघून घ्या. गोव्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, परमिटशिवाय केग चोर्ला घाटातून आणायच्या भानगडीत पडू नका, नाक्यावर पकडला तर फेस ही सगळ्यात छोटी अडचण असेल.

प्रेशर कमी करायची वेळ एकाच कारणाने येते: थंड केगला कुणी रात्रभर ३० वर जोडून ठेवलं असेल तर. मग गॅस बंद करून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा गॅस बाहेर सोडायचा) ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. घाई केली तर बिअर व्हॉल्व्हमधून अंगावर येते.

वॉशर आणि ओ-रिंग हवे असतील तर डीलरच्या कुरियरची वाट बघू नका. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या सामानाच्या दुकानात जुनी रिंग दाखवली की मापाची मिळते, फक्त फूड ग्रेड आहे का ते विचारून घ्या. कॉम्प्रेसरची निळी पाईप मात्र बिअरला लावू नका, वास उतरतो.

मी इंजिनिअर नाही, वाढपी माणूस आहे. तुमचा रेग्युलेटर वेगळा असेल तर त्यावरचे आकडे पाळा. सिलिंडर कायम उभा बांधून ठेवा, रेग्युलेटरशिवाय केगला जोडू नका, आणि बंद खोलीत गॅस गळू देऊ नका, तो जमिनीलगत साचतो आणि कळतही नाही. किती उरलाय हे गेजवर दिसत नाही, आतला द्रव संपेपर्यंत काटा जवळपास तिथेच असतो. भरून आणताना तराजूवर ठेवायला लावा, बॉडीवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा.

तुमच्या नळाच्या पाईपचा आतला व्यास आणि लांबी मोजून इथे टाका, कॉईल किती मीटरची आहे तेही. मग आकडा सांगतो.