−८ मोठी की −३? आठ तर तीनपेक्षा मोठे ना?

−३ मोठी. संख्यारेषेवर जी संख्या उजवीकडे, ती मोठी. चिन्ह कोणतंही असो, नियम बदलत नाही. −८ ही शून्यापासून डावीकडे आठ घरं लांब आहे, −३ तीनच घरं. म्हणून −८ < −३. तुम्ही बघताय ते शून्यापासूनचं अंतर, आणि ते −८ चं जास्त आहे हे खरंच. पण अंतर जास्त म्हणजे संख्या मोठी, हे फक्त शून्याच्या उजवीकडे चालतं.

तापमान घ्या. पारा साधारण −३९ अंश सेल्सिअसला गोठतो, अल्कोहोल −११४ च्या आसपास. जास्त थंड कोणतं, हे विचारावंही लागत नाही. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत पाऱ्याचा तापमापक निरुपयोगी ठरतो आणि अल्कोहोलचा वापरतात.

धन विरुद्ध ऋण असेल तर डोकं खाजवू नका: १ ही −१००० पेक्षा मोठीच. शून्यसुद्धा प्रत्येक ऋण संख्येपेक्षा मोठं.

खरी गडबड दशांशात होते. −२.५ चा बिंदू बरेच जण सवयीने −२ च्या उजवीकडे, म्हणजे −१.५ वर टाकतात. शून्यापासून डावीकडे मोजत जा: −१, −२, मग अजून अर्धं घर. म्हणजे −३ < −२.५ < −२.