जॅक-२ तपासणी रोखीने करावी की विम्यातून?

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पतीचं हिमोग्लोबिन सतत १८च्या वर येतंय. रक्तविकारतज्ज्ञांना पॉलिसायथेमिया व्हेराची (रक्तातल्या लाल पेशी फार वाढण्याचा आजार) शंका आहे आणि त्यांनी जॅक-२ या जनुकातला बदल शोधणारी तपासणी लिहून दिली आहे. लॅब रोखीने ४५० डॉलर घेते, विम्याचा ठरलेला दर १,१०० आहे. यंदाच्या डिडक्टिबलचे (विमा पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) ३०० डॉलर भरायचे उरलेत, त्यापुढे २० टक्के आपले. रोखीने करून टाकावी, की जानेवारीपर्यंत थांबावं?

ताई, थांबू मुळीच नका. या आजारात रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याचा धोका असतो. शिवाय जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं की हेच १,१०० बहुधा सगळे तुमच्या खिशातून जातील.

आता आकडे बघू. विम्यातून केलीत तर तुम्ही ३०० भराल आणि उरलेल्या ८०० चे २० टक्के, म्हणजे १६०. एकूण ४६०. रोखीपेक्षा फक्त १० डॉलर जास्त! पण रोखीचे ४५० डिडक्टिबलमध्ये सहसा धरत नाहीत. पुढे यंदाच बोन मॅरो बायोप्सी करावी लागली, तर ते ३०० तुम्हाला वेगळे भरावेच लागतील. म्हणून माझं मत विम्याच्या बाजूने आहे.

मात्र रक्त देण्याआधी ऑर्डरवरचे कोड मागून घ्या, खरा खर्च तिथेच ठरतो. जॅक-२ व्ही६१७एफ या बदलाच्या तपासणीचा सीपीटी कोड (बिलात तपासणी ओळखायचा क्रमांक) ८१२७०. या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हाच बदल सापडतो. तो नसेल तर त्याच जनुकाच्या एक्सॉन १२ या दुसऱ्या भागाची तपासणी, कोड ८१२७९. काही लॅब सोबत ८१२१९ म्हणजे सीएएलआर या वेगळ्या जनुकाची तपासणीही लावतात. ती तपासणी मुख्यतः प्लेटलेट वाढल्यावर किंवा मायलोफायब्रोसिसच्या (अस्थिमज्जेत तंतू वाढण्याचा आजार) शंकेत उपयोगी पडते. प्रत्येक कोडचं बिल वेगळं, त्यामुळे टप्प्याटप्प्याने करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा. लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची पातळी, कोड ८२६६८, साधारणपणे बरीच स्वस्त असते. ती सुचवली असेल तर काटछाट करू नका.

दुसरा कोड निदानाचा. मंजुरी लवकर मिळावी म्हणून डी४५ लिहा, असा आग्रह डॉक्टरांकडे कृपया धरू नका. डी४५ म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा सिद्ध झाला. बाह्यरुग्ण बिलात नुसत्या शंकेला पक्क्या निदानाचा कोड देता येत नाही, तिथे लक्षणं किंवा रिपोर्टमधली विकृती लिहितात. चुकीचं निदान नोंदीत राहिलं तर उद्या टर्म इन्शुरन्स घेताना त्रास तुम्हालाच होईल.

हे कोड हातात घेऊन विमा कंपनीला फोन करा. लॅब नेटवर्कमध्ये आहे का आणि पूर्वमंजुरी लागते का, दोन्ही विचारा, आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. मंजुरी आधीच नाकारली, तर ४५० चा दर लॅबकडून लेखी घेऊन रोखीने करा. तपासणीनंतर क्लेम नाकारला, तर अपिलासाठी नोटीस मिळाल्यापासून १८० दिवस असतात. एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर दोन्ही वाटांनी पैसे त्यातून देता येतात.