कणकवलीहून बँकॉकचा वीकेंड जमतो, पण आधी मुंबई गाठायचं बघा

दादा, तुमचा प्लॅन असा दिसतोय की तुम्ही आणि वहिनी शुक्रवारी कणकवलीहून मांडवी एक्सप्रेस पकडणार, ठाण्याला उतरून टॅक्सीने विमानतळ, मध्यरात्रीनंतरचं बँकॉकचं विमान, शनिवार-रविवार तिथे आणि सोमवारी सकाळी दोघंही कामावर हजर. आणि विचारलंय की बँकॉकमध्ये काय काय घोळ होऊ शकतात. खरं सांगायचं तर बँकॉकमध्ये फार होत नाहीत हो, होतात ते कणकवली ते ठाणे या पट्ट्यात. पुण्या-मुंबईची माणसं जे सल्ले देतात ते आपल्याला अर्धेच लागू पडतात, कारण त्यांचा प्रवास विमानतळावर सुरू होतो आणि आपला त्याच्या कितीतरी आधी.

मांडवी वेळेत आली तर तुमचा हिशोब बरोबर आहे, पण वीर स्टेशनच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, लाईन अजून एकेरीच आहे. एखादी गाडी लेट झाली की समोरच्या गाडीला क्रॉसिंगसाठी थांबवून ठेवतात, मग तिच्यामागची लेट, असं करत करत खेडपर्यंत तास-दीड तास कधी गेला कळतही नाही. पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा जवळजवळ एक अख्खा दिवस लाईन बंद होती, आणि त्याच्या थोडं आधीच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं होतं. अशा दिवशी विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि विमान कंपनी पैसेही देत नाही, कारण रेल्वेचं तिकीट आणि विमानाचं तिकीट यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. शिवाय जाताना तुम्ही विमानात बसला नाहीत तर त्याच तिकिटावरचं येतानाचं विमानही बहुतेक कंपन्या रद्द करतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाल तेव्हा ट्रेन लेट झाल्यामुळे विमान चुकलं तर पैसे मिळतात का, तेवढी एक ओळ शोधून वाचा.

म्हणून माझं स्पष्ट मत, मांडवी नको. गुरुवारी संध्याकाळची तुतारी किंवा रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस धरा, शुक्रवारी सकाळी मुंबईत. दिवसभर कुणा नातेवाईकांकडे पाठ टेका, आंघोळ-जेवण करा आणि रात्री आठ-नऊला आरामात विमानतळावर जा. एक रजा जास्त जाते हे मान्य, पण दोन माणसांची विमानाची तिकिटं आणि हॉटेल बुडण्यापेक्षा ती रजा स्वस्त पडते.

दुसरा रस्ता आपल्या सिंधुदुर्गवाल्यांनी बघायलाच हवा तो म्हणजे मोपा, उत्तर गोव्यातला विमानतळ. कणकवलीहून गाडीने दोन तासांच्या आसपास, घाट नाही की काही नाही. मोपाहून मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर करून पुढे बँकॉक असं एकाच पीएनआरवर तिकीट मिळतं का बघा. एकाच पीएनआरवर असेल आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. तीच दोन तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून वेगवेगळी काढलीत तर मध्ये जे होईल ते तुमच्या डोक्यावर. तिकिटाला थोडे पैसे जास्त पडले तरी मी हाच पर्याय घेईन.

तिकीट काढताना तारीख नीट बघा. विमान शनिवारी ००:४० चं असेल तर विमानतळावर शुक्रवारी रात्री जायचं असतं, आणि तुम्हाला "शुक्रवार रात्रीचं" विमान हवंय म्हणजे तिकिटावर तारीख शनिवारची पाहिजे. यात भलीभली माणसं अडकतात. विमानाचं तिकीट सेलमध्ये चार महिने आधी काढून ठेवतो आपण, पण रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, आणि मे महिना, गणपती किंवा शिमगा असेल तर उघडल्या उघडल्या वेटिंग. त्यामुळे सणाच्या आगेमागे असले वीकेंड ठरवूच नका.

वहिनींचं तिकीट कुठल्या नावाने काढायचं हे विचारलंत ते फार बरं केलंत. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर विमानाचं तिकीट माहेरच्याच नावाने काढायचं, आधारवर काय आहे ते इथे बघायचंच नाही. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असं काही नाही. पासपोर्टच्या गिव्हन नेमच्या रकान्यात नावापुढे वडिलांचं नाव छापलेलं असेल तर तेही तसंच टाका. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर कंपनी दुरुस्त करून देते, आडनावच वेगळं असेल तर काउंटरवर रडकुंडीला यायची वेळ येते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक आहे ना तेही बघून घ्या.

थायलंडला जायच्या आधी तीन दिवसांत टीडीएसी (थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड) नावाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो, मे २०२५ पासून सगळ्या परदेशी लोकांना लागतो. सरकारी साइटवर तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साइटवरच बघा, कुणा मित्राने मागच्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका.

आता सामान. आमची बॅग एकदा बँकॉकला आलीच नाही. पट्टा फिरतोय फिरतोय, माणसं आपापलं घेऊन चालली, शेवटी दोरीने बांधलेला एक खोका तेवढा गोल गोल फिरत राहिला आणि मग पट्टाच थांबला. अशा वेळी बाहेर पडायचं नाही. तिथेच बॅगेज काउंटरवर पीआयआर म्हणजे बॅग न मिळाल्याचा रिपोर्ट लिहून घ्यायचा, बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेच्या टॅगचा छोटा स्टिकर जपून ठेवायचा, आणि हॉटेलचा पत्ता फोन नंबरसकट द्यायचा. आमच्या ह्यांना तर लगेच टॅक्सी धरायची होती, मी हलले नाही. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आली. तोपर्यंत दोघांचे कपडे, ब्रश, चप्पल असं जे घेतलं त्याच्या सगळ्या पावत्या ठेवल्या आणि परत आल्यावर मेल केली, पैसे मिळाले. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि फुटली-फाटली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, हे विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारात आहे आणि भारत त्यात २००९ पासून आहे. पण दोन दिवसांच्या ट्रिपला मुळात मोठी बॅग हवी कशाला? दोघांच्या दोन केबिन बॅगा पुरतात. फक्त मग कोकमाच्या आगळाची बाटली, लोणचं असलं काही त्यात चालणार नाही, १०० मिलीच्या वरचं पातळ काहीही सिक्युरिटीला काढून ठेवतात. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत नको. पॉवर बँक मात्र कायम हातातल्या बॅगेत.

कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण बँकेच्या ॲपमध्ये घरूनच चालू करा, नवीन कार्डांवर ते बंदच येतं. ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ऑनलाईन पैसे भरताना ऐनवेळी अडकाल.

शहरात एकच सावधगिरी. ग्रँड पॅलेसच्या बाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो" म्हणालं की सरळ पुढे चालायचं, ते टुकटुकने रत्नांच्या दुकानात नेतात. गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. उन्हाच्या आधी सकाळी तो बघा, मग वाट फोचं देऊळ, तिथून होडीने नदीपलीकडे वाट अरुणचं देऊळ. नदीवरची ती होडी आपल्या खाडीतल्या तरीसारखीच, तुम्हाला दोघांना आवडेल बघा. शनिवार-रविवार आहे तर चतुचकचा बाजारही उघडा असतो.

परतीच्या दिवशी टॅक्सीच्या भरवशावर राहू नका, रस्ते तुंबलेले असतात. विमान सुवर्णभूमीचं असेल तर फाया थाईहून एअरपोर्ट रेल लिंक पकडा, अर्ध्या तासात पोचवते. बँकॉकला दुसराही विमानतळ आहे, डॉन म्युआंग, तो पार वेगळ्या टोकाला, तेव्हा तिकिटावर कुठला लिहिलाय ते आदल्या दिवशीच बघून घ्या.

आणि सोमवारी सकाळी कामावर हजर हे विसरा. रविवार रात्रीचं विमान मुंबईत पहाटे आलं तरी कणकवलीला पोचेपर्यंत सोमवारची संध्याकाळ होते. इमिग्रेशनची रांग लांबली तर सकाळची गाडीसुद्धा हातची जाते, म्हणून सोमवारची रजा आत्ताच टाका, आणि येतानाचं रेल्वेचं बुकिंग सकाळच्या गाडीचं न करता रात्रीच्या कोकणकन्येचं करा.