शिंगरू लंगडतंय आणि सांधा सुजलाय: घोडीचा पाय पडला असेल की सांध्यात संसर्ग असेल?

तुम्ही लिहिलंय की नऊ दिवसांचं शिंगरू मागचा पाय टेकत नाही, सांधा भरल्यासारखा आणि गरम लागतोय, ताप मात्र नाही. घरचे म्हणतात घोडीचा पाय पडला असेल, तर दोन दिवस वाट बघू का? नका बघू. आत्ता डॉक्टरांना फोन करा. खालचं सगळं ते येईपर्यंत वाचलंत तरी चालेल.

मी ती दोन दिवसांची वाट बघितलेली आहे.

आमचं शिंगरू तेव्हा सहा दिवसांचं होतं. सकाळी मागचा डावा पाय उचलून उभं होतं. अंगावर खरचटल्याची खूण नाही, नाळ वाळलेली, ताप नाही. काका म्हणाले, "रात्री आईचा पाय पडला असणार, होईल बरं." काकांनी चाळीस वर्षं घोडी विणवली आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? डॉक्टरांऐवजी मोठ्या घोड्यासाठी आणलेलं दुखण्याचं औषध बेतानं दिलं. दुपारी ते चालायला लागलं आणि आम्ही सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोडीचं आचळ तट्ट भरलेलं दिसलं, दूध आपोआप ठिबकत होतं. शिंगराच्या कपाळावर दुधाचे वाळलेले डाग होते. म्हणजे ते आचळाखाली नुसतं उभं राहत होतं, पीत नव्हतं. ही खूण थर्मामीटरपेक्षा आधी बोलते आणि मी ती एक दिवस उशिरा वाचली.

तिसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरांनी हॉकचा, म्हणजे मागच्या पायाच्या घोट्याचा, सांधा साफ करून सुईनं पाणी काढलं. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार निघते. आमचं गढूळ, नारिंगी आणि पाण्यासारखं पातळ निघालं. निरोगी सांध्यात एका मायक्रोलिटरला काहीशेच पांढऱ्या पेशी असतात. ३०,००० च्या वर गेल्या की संसर्ग जवळजवळ नक्की समजतात. आमच्या ६०,००० च्या वर होत्या. प्रथिनंही डेसिलिटरला ४ ग्रॅमच्या वर; एरवी ती दोन-अडीचच्या आत असतात.

मग शिंगराला भूल देऊन सांध्याच्या एका बाजूनं सुईतून निर्जंतुक रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं पाणी) आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर, लिटरच्या लिटर. शेवटी सांध्यात अमिकासिन हे प्रतिजैविक. शिरेतून प्रतिजैविकं वेगळी. असं धुणं एक दिवसाआड तीनदा झालं आणि तिसऱ्या खेपेनंतर त्यानं पाय टेकला. पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या नाळेची आतली शीर जाड झालेली होती. जंतू तिथून रक्तात आणि रक्तातून सांध्यात गेले होते. शिंगरू जगलं, वाढलं, पण तो हॉक पूर्ण वाकत नाही. दहा दिवसांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाचं नुकसान दिसलं. डॉक्टर आले त्या दिवशीच्या एक्स-रेत काही नव्हतं, आणि सुरुवातीला बहुधा नसतंच. त्यामुळे "एक्स-रे चांगला आलाय" यावर निश्चिंत होऊ नका.

काका आजही म्हणतात, कोवळ्या सांध्यात सुई खुपसली म्हणून तो नासला. त्यांचा दुसरा मुद्दा असा की प्रयोगशाळेत तर जंतू वाढलेच नाहीत. दोन्ही चूक. पहिल्या सुईत पहिल्यांदाच आलेलं पाणी गढूळ होतं. ते सुईनं त्या क्षणात कसं गढूळ होईल? आणि जंतू न वाढणं ही तर नेहमीची गोष्ट. ते सांध्याच्या अस्तरात दडलेले असतात, पाण्यात सापडतीलच असं नाही. म्हणून थोडं पाणी रक्ताच्या कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या) बाटलीत घालायला सांगा, सापडण्याची शक्यता वाढते. सांधा नासवला तो आमच्या दोन दिवसांनी आणि त्या औषधानं. दुखणं झाकलं गेलं आणि आम्ही झोपलो.

माझं मत स्पष्ट आहे: महिन्याच्या आतलं शिंगरू लंगडलं की तो संसर्गच, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. पाय पडलाच असेल तर तपासणीचा खर्च वाया गेला एवढंच.

घोडीच्या वारेतून शिंगराला प्रतिपिंडं मिळत नाहीत. जे मिळतं ते चिकातून, पहिल्या काही तासांत. चोवीस तासांनी आतडं ती घेणं बंद करतं. आता आम्ही प्रत्येक शिंगराचं रक्त एका दिवसाचं झालं की तपासतो. आयजीजी, म्हणजे रक्तातली ही प्रतिपिंडं, डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या खाली आलं की डॉक्टरांशी बोलतो, ४०० च्या खाली आलं तर शिरेतून प्लाझ्मा (प्रतिपिंडं असलेला रक्तातला पातळ भाग). हे त्या शिंगराचं केलं नव्हतं, कारण "चीक प्यायलं होतं ना" एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. प्यायलं होतं, पण किती आणि कधी, हे कुणी बघितलं होतं?

आता काकांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो. अस्वच्छ सुईनं सांध्यात जंतू जाऊ शकतात, मोठ्या घोड्यांत सांध्यात इंजेक्शन दिल्यावर हे घडतंही. म्हणून ते काम डॉक्टरांचं, तुमचं-माझं नाही. दुखण्याची औषधं शिंगराच्या पोटात व्रण करतात आणि अमिकासिन, जेंटामायसिन पाणी कमी झालेल्या शिंगराचं मूत्रपिंड बिघडवतात, तेव्हा घरच्या कपाटातून काही काढू नका. मोठ्या घोड्याचं गणित वेगळं आहे: तिथे बहुधा जखम असते, आणि सांधा उघडा असून वाहत असेल तोवर तो फारसा लंगडतही नाही. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी दाखवा.

ताप नाही म्हणून थांबू नका, आमच्यालाही नव्हता. आचळ भरलंय का बघा. बाकीचे सांधेही हातानं चाचपा आणि उद्या पुन्हा चाचपा, कारण एकाच वेळी दोन-तीन सांधे धरले जातात आणि सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या एकाकडेच असतं.