बासष्टचा राग, सदुसष्टचे मत

प्रश्न : माझे वडील १९६२ साली मुलुंडला राहत. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी काँग्रेसचे उमेदवार कृष्ण मेनन यांच्यासाठी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या होत्या. पुढे आठ महिन्यांत चीनचे आक्रमण झाले, तेव्हा आईच्या दोन बांगड्या त्यांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला दिल्या. ती पावती अजून आमच्याकडे आहे. ‘चीनच्या बाबतीत काँग्रेसने आम्हाला अंधारात ठेवले,’ असे ते अखेरपर्यंत म्हणत. पण आई सांगते की १९६७ सालीही त्यांनी काँग्रेसच्या बैलजोडीवरच शिक्का मारला. राग खरा होता, तर मत तिथेच कसे गेले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या वडिलांचा राग खरा होता आणि मतही त्या रागाशी विसंगत नव्हते, असे मला वाटते. मात्र ते समजून घ्यायचे तर १९६२ च्या फेब्रुवारीत त्यांनी कशाला मत दिले होते, हे आधी पाहावे लागते.

मुंबई उत्तर मतदारसंघात संरक्षणमंत्री मेनन यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे होते. प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला होता. कृपलानींचा प्रचार मुख्यतः चीनच्या प्रश्नावरच होता. १९५९ च्या ऑक्टोबरात लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले होते आणि अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचे संसदेत उघड झाले होते. ‘चीनचे हल्ले होतात आणि मेननसाहेब झोपतात’ अशा अर्थाच्या हिंदी घोषणा उपनगरांत दिल्या जात होत्या. म्हणजे मतदाराला काही माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. तरीही मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी निवडून आले. त्याला दोन महिन्यांपूर्वीचे गोवा कारणीभूत होते. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्याने दोन दिवसांत साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपवली होती, आणि ज्या मुंबईत घराघरातून कोणी ना कोणी गोव्याच्या सत्याग्रहाशी जोडलेले होते, तिथे संरक्षणमंत्र्यांचे झोपणे कोणाला पटणार? परराष्ट्र धोरणाने आधी मते मिळवून दिली होती, हे त्या धोरणाने मते गेल्याची चर्चा करताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणूनच २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले आणि महिनाभरात तवांग, से ला, बोमदिला एकामागून एक पडले, तेव्हा उपनगरांतल्या मतदाराला सरकारचा जितका राग आला तितकीच स्वतःची लाज वाटली असली पाहिजे. इशारा देणाऱ्या उमेदवाराला त्यानेच पाडले होते. अशा रागाची वाट नेहमी सरळ नसते. लोकांनी आधी दोषी माणूस मागितला आणि तो त्यांना लवकरच मिळाला: ऑक्टोबरच्या अखेरीस मेनन यांचे संरक्षण खाते गेले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिपदही गेले. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसले. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग या वाक्यात आहे. उत्तर भारतात काँग्रेस हा युद्ध हरलेला पक्ष झाला. महाराष्ट्रात मात्र तोच पक्ष, त्याच आठवड्यात, मदतीला धावलेला पक्ष ठरला.

१९६३ च्या पोटनिवडणुकांमध्ये हा फरक लख्ख दिसतो. अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी असे सरकारचे तीन कडवे टीकाकार मे महिन्यात लोकसभेत पोहोचले. आणि नाशिकमध्ये? तिथे चव्हाण बिनविरोध निवडून आले. ज्या संरक्षण खात्याच्या कारभाराने पक्षाची नाचक्की झाली, त्याच खात्याच्या नव्या मंत्र्याविरुद्ध कोणी अर्जही ठेवला नाही.

आता बांगड्यांकडे येतो, कारण माझ्या मते खरी ठिणगी तिथे आहे. लोकांनी सोने स्वखुशीने दिले. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. ज्या बाईने हातातल्या बावीस कॅरटच्या बांगड्या काढून दिल्या, तिला मुलीच्या लग्नासाठी तशी बांगडी सोनाराकडून घडवून घेता येईना. तो सोनारही भट्टी विझवून बसलेला. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात करांचा भार वाढला आणि सक्तीच्या बचतीची योजना आली. संरक्षणाचा खर्च वाढवणे भागच होते, त्याला कोणाचा विरोध नव्हता. पण झालेल्या चुकीचा हिशेब न देता त्या चुकीचे बिल मात्र घरी पाठवले गेले, ही भावना तेव्हापासून रुजली. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला; पण त्या चर्चेतले काय लक्षात राहिले? लोहियांनी मांडलेला तीन आण्यांचा हिशेब, म्हणजे देशातली बहुसंख्य माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात हा आरोप. चर्चेचे निमित्त चीन होते, आठवण मात्र आण्यांची राहिली.

पुढे १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन दुष्काळ, रेशनवरचा अमेरिकन गहू आणि ती लालसर मिलो ज्वारी, आणि ६ जून १९६६ चे अवमूल्यन, ज्याने डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसात रुपयांवर नेला. १९६७ साली लोकसभेत काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ वर आल्या. हा चीनच्या पराभवाचा निकाल होता, असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांत त्यावर बरेच थर चढले होते. मात्र बासष्टने सरकारच्या शब्दावरचा विश्वास आधीच पोखरला नसता, तर महागाईबद्दलचे खुलासे लोकांनी थोडे अधिक सबुरीने ऐकले असते. महाराष्ट्रात विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा काँग्रेसने राखल्या, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले, पण त्या लढतीचा चीनशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल.

राहिला आपल्या वडिलांचा शिक्का. नव्या ईशान्य मुंबई मतदारसंघात काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. ते पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसतर्फे सनदी सेवेतून आलेले स. गो. बर्वे उभे राहिले. म्हणजे चीनबद्दल मेनन यांना शिक्षा द्यायची तर शिक्का बैलजोडीवरच मारावा लागत होता! पक्षाने आपले पाप एका माणसाच्या नावावर टाकून त्याला दाराबाहेर काढले आणि त्याच्याविरुद्धच्या रागाचीही मते स्वतःकडे वळवली. यात चातुर्य होते, न्याय होता असे मला वाटत नाही, कारण चीनविषयीचे धोरण एकट्या मेनन यांचे कधीच नव्हते. ते नेहरूंचे होते. शिवाय नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांच्या दाक्षिणात्य असण्यावर बोट ठेवून बर्व्यांची बाजू घेतली होती, त्यामुळे त्या सुमारे १३ हजारांच्या मताधिक्यात चीन किती आणि मराठी अस्मिता किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्व्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

प्रश्न : बासष्टच्या पराभवाची चौकशी झाली होती, मग तिचा उपयोग मतदाराला का झाला नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. चव्हाणांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याचा सारांश तेवढा संसदेत सांगितला. चौकशीचा आवाकाही मुळात लष्करी बाबींपुरताच होता. राजकीय निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतले, हे तिला विचारलेच नव्हते. सरकार पुढे अनेकदा बदलले, विरोधात असताना अहवाल मागणारेही सत्तेवर आले, पण तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तोपर्यंत मेनन यांना मत देणाऱ्या आणि पाडणाऱ्या पिढीतले फार थोडे लोक तो वाचायला उरले होते.