पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) : इन्क्लूड केलेली, म्हणजे स्क्रिप्टमध्ये ओढून घेतलेली फाइल ब्राउझरमधून सापडते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा) सापडत नाही. इन्क्लूडऐवजी रिक्वायर लिहिलं तर चालेल का?

नाही. रिक्वायर लिहिल्याने फाइल सापडणार नाही, फक्त बोंब लवकर ऐकू येईल. तरीही लिहाच. का, ते सांगतो.

मी जळगावात छोट्या धंद्यांच्या वेबसाइटी करतो. रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्यासाठी रोजच्या भावाचं पान केलं होतं. पहाटे क्रॉन एक स्क्रिप्ट चालवायचा, ती '../भाव.पीएचपी' इन्क्लूड करून पान तयार करायची. ब्राउझरमधून दहा वेळा तपासलं, झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन : "काय रे भो, आज केयी फुकट हाये का?" पानावर भाव होता ० रुपये क्विंटल.

फाइल सापडली नाही तर इन्क्लूड नुसती वॉर्निंग देतं आणि पुढे चालू लागतं. भावांचा ॲरे, म्हणजे यादी, आलीच नव्हती, रिकाम्या किमतीचा नंबर फॉरमॅट होऊन शून्य छापला गेला. वॉर्निंग गेली लॉगमध्ये, आणि लॉग पहाटे कोण वाचतंय! रिक्वायर असतं तर स्क्रिप्ट तिथेच मेली असती आणि कालचं पान तसंच राहिलं असतं. शिळा भाव परवडला, फुकट केळी नाही.

आता खरं दुखणं. '../' किंवा './' ने सुरू होणारा रस्ता पीएचपी तुमच्या फाइलच्या फोल्डरपासून मोजत नाही, चालू डिरेक्टरीपासून, म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरात उभं राहून चालतेय तिथपासून, मोजतं. ब्राउझरमधून आलात तर ती बहुधा मागितलेल्या स्क्रिप्टचं फोल्डर असते. क्रॉनमध्ये ती सहसा युजरचं होम फोल्डर असते. म्हणजे 'चोपड्याहून दोन कोस' असा पत्ता दिलाय आणि माणूस भुसावळहून निघालाय. खात्री करायची तर स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत गेटसीडब्ल्यूडी() (चालू डिरेक्टरी सांगणारं फंक्शन) छापून बघा.

उपाय एका ओळीचा (कोडमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहा) :

रिक्वायर __डिर__ . '/../भाव.पीएचपी';

डिरच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर, आणि पुढच्या अवतरणात सुरुवातीचा तिरका दांडा विसरू नका. हा स्थिरांक ज्या फाइलमध्ये लिहिलाय तिचंच फोल्डर देतो, कुठूनही चालवा. पीएचपी ५.३ पासून आहे. जुन्या कोडमध्ये त्याजागी डिरनेम(__फाइल__) दिसेल, काम तेच.

तुम्ही 'वन्स' लावू का, म्हणजे फाइल एकदाच घेणारं रिक्वायर वन्स लिहू का, असंही विचारलंय. फंक्शन्स किंवा क्लास असलेल्या फाइलला लावा, नाहीतर दुसऱ्यांदा आली की 'कॅनॉट रीडिक्लेअर' (नव्या पीएचपीत क्लास असेल तर 'कॅनॉट डिक्लेअर क्लास') ही एरर येते. पण ॲरे रिटर्न करणाऱ्या फाइलला लावू नका. रिक्वायर वन्स दुसऱ्या खेपेला ॲरे देत नाही, नुसतं ट्रू देतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. क्लास बरेच असतील तर सरळ कंपोझरचं (पीएचपीच्या लायब्ऱ्या सांभाळणारं साधन) ऑटोलोड घ्या, ते लागेल त्या क्लासची फाइल आपोआप आणतं.

विंडोजवर काम करत असाल तर नावातलं कॅपिटल-स्मॉलही बघा. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला ती वेगळी फाइल.

आणि तुमच्या कोडच्या शेवटी यूआरएलमधून आलेलं पानाचं नाव थेट इन्क्लूडला दिलंय, ते आजच काढा. कोणीही तिथे दुसऱ्या फाइलचा रस्ता टाकेल. चालतील त्या पानांची यादी ॲरेत ठेवा, नाव त्यात असेल तरच फाइल उघडा.