दिव्या देशमुखने विश्वचषकात मोठ्या खेळाडूंना हरवलं ते ताकदीवर, की समोरच्यांच्या चुकांमुळे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बातुमीत, २०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात, दिव्याचे महत्त्वाचे सामने टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या जलद डावांत) गेले, फायनलमध्ये कोनेरू हम्पीकडे वेळ कमी असताना तिची चूक झाली, आणि एकही ग्रँडमास्टर नॉर्म (किताबासाठी स्पर्धांत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना दिव्याला थेट किताब मिळाला. मग ती खरंच वरच्यांच्या तोडीची आहे का, की नशीब?

ताकदीवर. माझं उत्तर एवढंच आहे. पण हाच प्रश्न मी स्वतःबद्दल बत्तीस वर्षं ऐकत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

१९९३ चा जुलै. मी वेंगुर्ल्याला नववीत होते. सावंतवाडीत एका शाळेच्या हॉलमध्ये खुली स्पर्धा होती, पाच फेऱ्यांची. मुली आम्ही दोघीच. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर कोल्हापूरहून आलेले एक गृहस्थ बसले. राज्य स्पर्धा खेळलेले, त्या हॉलमध्ये सगळे त्यांना ओळखून होते. प्रत्येकी दीड तास. चालीमागे सेकंद वाढवून देणारी घड्याळं आमच्याकडे तेव्हा कुणी पाहिलीही नव्हती. लाकडी चौकटीतलं, चावीचं घड्याळ आणि त्याचा तो लाल झेंडा, वेळ संपली की पडणारा, आणि पडला की डाव गेला.

तिसाव्या चालीच्या आसपास माझं एक प्यादं गेलं. नंतर मोहरे कमी होत होत शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि त्यांच्याकडे एक प्यादं, एवढंच पटावर उरलं. मी पांढरी. माझा राजा ई-१ वर, त्यांचं प्यादं ई-४ वर, राजा डी-४ वर. बघ्यांना वाटलं, पोरगी आता डाव सोडणार. पण ही जागा मला पाठ होती. आमच्या गणिताच्या सरांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढून दिली होती आणि खाली लिहिलं होतं, फिलिडोर. अठराव्या शतकातल्या त्या फ्रेंच खेळाडूचा हा बचाव. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या पट्टीवर ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादं तिसऱ्या पट्टीवर आलं की त्याच क्षणी हत्ती थेट आठव्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला आडोसा मिळत नाही. बरोबरी.

मग मी हत्ती ए-३, बी-३, परत ए-३, मध्येच जी-३ असा फिरवत बसले. प्रत्येक चालीला मला दोन सेकंद लागत होते. ते मात्र विचार करत होते, राजा इकडून तिकडे नेत होते, एकच स्थिती तीनदा येऊ नये म्हणून हत्ती हलवत होते. मी दोनदा बरोबरी विचारली. पहिल्यांदा त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात लाइट गेली. जुलैतली सावंतवाडी, कौलांवर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पंचांनी घड्याळ थांबवलं, गॅसबत्ती आणून टेबलाच्या कडेला ठेवली आणि डाव पुन्हा सुरू केला. बत्तीवर पाखरं आली. एक पाखरू पंख गाळून पटावरच चालायला लागलं, डी-५ वरून डी-६ वर. मी ते बोटाने उचलून खाली सोडलं आणि पुन्हा हत्तीला हात लावला. काटा बाराकडे सरकताना झेंडा हळूहळू वर उचलला जातो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की शेवटची दोन-तीन मिनिटं नजर पटावर राहत नाही. त्यांची राहिली नव्हती. त्यांच्या बाजूचा झेंडा पडला तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती.

त्यांनी हात मिळवला आणि मोहरे पेटीत न भरताच निघून गेले. मला तिसरं बक्षीस मिळालं, शंभर रुपये आणि एक स्टीलचा डबा.

वेंगुर्ल्याच्या एसटीत दादा शेजारी बसला होता. त्यानेच मला खेळ शिकवला, त्यामुळे त्याचं मत माझ्यासाठी पंचांपेक्षा मोठं होतं. गाडी स्टँडमधून बाहेर पडली आणि तो म्हणाला, "तू खंय जिकलंस? तो हरलो." वर हेही की, समोर चेडू, म्हणजे मुलगी, म्हटल्यावर माणूस गाफील राहतो. डबा मांडीवर घेऊन मी घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. पुढे घरात कुठल्याही समारंभात हा विषय निघाला की तेच वाक्य. बारावीनंतर मी स्पर्धा खेळणं सोडलं. कारणं इतरही होती, पण ते वाक्य त्यात होतं.

म्हणून २८ जुलै २०२५ ला, पहिल्या श्रावणी सोमवारी, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींना घेऊन मी पडवीत मोबाइल धरून बसले होते. रेंज येत-जात होती. दिव्या आणि हम्पी. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, टायब्रेकच्या रॅपिडचा, म्हणजे जलद डावांपैकी, पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळून जिंकली, २.५–१.५. हम्पी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मसुद्धा झालेला नव्हता, ती डिसेंबर २००५ ची. आणि हम्पीला वेगवान खेळ जमत नाही असं म्हणायची सोय नाही. ती दोनदा रॅपिडची जगज्जेती आहे, २०१९ आणि २०२४. तिच्याच आखाड्यात ही एकोणीस वर्षांची नागपूरची मुलगी तिला भारी पडली.

आता टायब्रेकबद्दल. ती सगळं टायब्रेकमध्येच जिंकली असा जो सूर आहे तो चूक आहे. सेमीफायनलला तान झोंगयी होती, माजी जगज्जेती. तिला दिव्याने क्लासिकलमध्येच १.५–०.५ हरवलं आणि जिंकलेला तो डाव १०१ चालींचा होता. १०१ चाली म्हणजे काय ते एकदा घरी बसून खेळून बघा. पाच-सहा तासांनंतर समोरची थकते, तशी आपणही थकतो. त्या अवस्थेत नेमकी चाल शोधणं याला मी तरी नशीब म्हणणार नाही. त्याआधी झू जिनर, स्पर्धेतली दुसरी मानांकित, टायब्रेकमध्ये हरली. मग भारताचीच हरिका द्रोणवल्ली, क्लासिकलला दोन बरोबऱ्या आणि रॅपिडचे दोन्ही डाव दिव्याचे. दिव्याचं स्वतःचं मानांकन पंधरावं. एका वेळी नशीब समजू, पण ओळीने चार वेळा?

नॉर्मचंही तेच. हा विश्वचषक जिंकणाऱ्याला थेट किताब मिळतो, नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. त्या नियमाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशालीनंतर चौथी. यात चोरी कसली?

चुकांचा मुद्दा तर मला मुळातच पटत नाही. बुद्धिबळात दोघांनी एकही चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो असंच मानतात. म्हणजे जगातला प्रत्येक विजय कुणाच्या तरी चुकीतूनच येतो. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला तो चौदावा डाव आठवा. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. बहुतेक सगळे बरोबरी धरून बसले होते. पंचावन्नाव्या चालीला समोरच्या डिंग लिरेनने हत्ती एफ-२ वर नेला. हत्तींची अदलाबदल झाली, मग उंटांची, आणि नुसते राजे-प्यादी उरल्यावर डाव गुकेशचा झाला. तेव्हाही लोक म्हणालेच की डिंगने डाव फुकट दिला. पण गुकेश पंचावन्नाव्या चालीपर्यंत बसून राहिला म्हणून ती चूक झाली. चाळीसाव्या चालीला हात मिळवले असते तर कुणाची चूक आणि कुठला जगज्जेता! गुकेशबद्दल असं बोलणारे चार दिवसांत गप्प झाले. मुलींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं चालतं. दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेहून परतल्यावर जाहीरपणे लिहिलं होतं की प्रेक्षक मुलींच्या डावांपेक्षा त्यांचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. अठरा वर्षांची होती. मला चौदाव्या वर्षी एवढं धैर्य असतं तर एसटीतच बोलले असते.

तुमच्या घरात कुणी खेळणारं असेल तर एक सांगते. मूल जिंकून आलं की पहिल्यांदा डाव मांडायला लावा आणि कुठली चाल आवडली ते विचारा. समोरच्याने काय चुकवलं ते दुसऱ्या दिवशी काढा, त्या रात्री नको. मोठ्या भावांना तर हे खास सांगणं. आणि हत्ती-प्याद्यांचे शेवट, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरचा खेळ, आधी शिकवा, ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या, ओळी नंतर पाठ करू देत. माझ्याकडच्या मुलींना मी पहिल्या महिन्यात फिलिडोर देते, त्यांचे पालक कुरकुरतात, तरी देते. दिव्यानेसुद्धा जिंकल्यावर लगेच कबूल केलं होतं की तिला शेवटांवर मेहनत घ्यायला हवी, फायनलमध्ये तिनेही गडबड केली होती. जिंकलेल्या दिवशी असं म्हणणारी मुलगी पुढे जाते.

तुमचा प्रश्न पूर्ण चुकीचा आहे असं मात्र नाही. बाद पद्धतीत दोन-दोन डावांचे सामने, त्यावरून कुणाचं कायमचं स्थान ठरत नाही. जून २०२५ मध्ये लंडनला सांघिक ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या डावांत) तिने माजी जगज्जेती हौ यिफानला हरवलं, तो विजय मोठाच. पण ब्लिट्झचा एक डाव हा एकच डाव असतो. बुडापेस्टच्या २०२४ च्या सांघिक ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुण आणि वैयक्तिक सुवर्ण, हा मी तिचा जास्त भक्कम पुरावा मानते, कारण तो क्लासिकलचा आहे. पण तिसऱ्या पटावर दर फेरीला अव्वल नाव समोर येत नाही, हेही खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेच्या खुल्या गटात ती पुरुषांबरोबर खेळली, गुकेशशी बरोबरीही केली, पण गुकेशचा तो काळ वाईट चालला होता. खुल्या गटातल्या वरच्या वीस जणांशी तिची आज तुलना करू नका. मी किताबधारी नाही, तालुक्याच्या गावात मुलांना शिकवणारी बाई आहे, तेही लक्षात घ्या.

त्या सोमवारी संध्याकाळी दादाचा फोन आला होता. "हम्पीकडे टाइम नाय होतो म्हणान त्या चेडवाक गावला." मी म्हटलं, गणपतीला ये, मग बोलू.

ऑगस्टअखेर गणपतीला तो आला. दुसऱ्या रात्री आरती आणि जेवणं झाल्यावर मी पट काढला आणि सावंतवाडीची तीच स्थिती मांडली. प्यादं त्याला दिलं. "ह्या तर सरळ जिकलेला आसा," म्हणाला आणि मांडी घालून बसला. मी हत्ती तिसऱ्या पट्टीवर ठेवला. पाऊण तास त्याने सगळं करून पाहिलं. शेवटी प्यादं पुढे ढकललं, माझा हत्ती आठव्या पट्टीवर गेला आणि शहांची रांग लागली. मग मी पट फिरवला, प्यादं मी घेतलं, बचाव त्याला दिला. सहाव्या चालीला त्याचा हत्ती तिसऱ्या पट्टीवरून हलला आणि माझा राजा आत शिरला. पुन्हा मांडलं, पुन्हा हरला.

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तिसऱ्या पट्टीवर ना? परत दाखय."